साठीनंतरचं नाक

गालाच्या हाडामागची पोकळी ही सगळ्या सायनसांत मोठी. पण तिचं दार तळाला नाही, वर छताजवळ आहे! म्हणजे आपण उभे असताना आत तयार होणारा स्राव आपोआप वाहून जात नाही, त्याला चढ चढावा लागतो. हे काम अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. सेकंदाला दहा-बारा फटकारे मारत ते स्राव दाराकडे ढकलत राहतात. त्यांचा वेग मोजायची युक्ती मोठी गमतीची आहे. नाकपुडीत जरा आत सॅकरीनचा कण ठेवायचा आणि घशाशी गोड लागेपर्यंत घड्याळ बघत बसायचं. निरोगी माणसाला साधारण 20 मिनिटांच्या आत गोडी कळते. वय वाढेल तशी ती उशिरा कळते. स्राव तुंबला की जंतूंचं फावतं. नाक चोंदणं, घशात कफ उतरणं, चेहरा जड वाटणं, वास न येणं अशा तक्रारी 12 आठवडे हटल्या नाहीत, की जुनाट सायनुसायटिसची शंका घ्यायची.

म्हातारपणी नाक लांब झाल्यासारखं दिसतं, तो भास नव्हे. शेंड्याला धरून ठेवणारे बंध सैल पडतात, शेंडा झुकतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. आरशासमोर उभं राहून बोटाने शेंडा अलगद वर उचला. श्वास एकदम मोकळा झाला, तर चोंदण्याचं निदान थोडंफार तिथेच झालं.

मिसळीचा पहिला घास घेतला की आजोबांचा हात रुमालाकडे जातो. नाकातून पाणी, तेही पातळ आणि स्वच्छ. हा जंतुसंसर्ग नाही. तिखटाने चाळवलेल्या नसांचा हा उद्योग आहे आणि उतारवयात तो वाढतो. त्यावर अँटिबायोटिक घेऊन काहीही उपयोग नाही.

आता 1651 सालचा किस्सा. इंग्लंडमधल्या शेरबोर्नचे डॉक्टर नथॅनिएल हायमोर यांनी गालातल्या या पोकळीचं वर्णन त्या वर्षी छापलं. त्यांच्या एका रुग्ण बाईचा वरचा सुळा काढल्यावर तिथून सतत स्राव यायचा. बाईंनी भोकातून पीस आत सारलं, ते इतकं खोल गेलं की मेंदूपर्यंत पोचलं असं वाटून त्या हादरल्या. पीस मेंदूत नव्हतं, सायनसमध्ये होतं. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला अगदी खेटून असतात. म्हणून साठीनंतर एकाच बाजूचं नाक वाहत असेल आणि त्याला दुर्गंधी येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे आधी जा. जुनी किडकी दाढ किंवा इम्प्लांट मुळाशी असू शकतं. एकाच सायनसमध्ये बुरशीचा गोळा साठण्याचा प्रकारही जास्त करून उतारवयातल्या बायकांत दिसतो.

आजाराचा स्वभावही वयानुसार बदलतो. ॲलर्जीचा जोर बऱ्याच जणांत ओसरतो, पण अस्तर पातळ आणि कोरडं होतं. शिकागोतल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं, की जुनाट सायनुसायटिसच्या वयस्कर रुग्णांत अस्तराचं रक्षण करणारी काही प्रथिनं घटलेली असतात.

मला सर्वांत काळजी वाटते ती वासाची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावच्या पाहणीत 80 ते 97 वयाच्या 62.5 टक्के लोकांची घ्राणशक्ती मंदावलेली आढळली. त्यात सायनसची भर पडली, तर फोडणी करपल्याचं कळत नाही आणि गॅस गळतोय हेही नाही. सिलिंडरमधल्या गॅसला तो उग्र वास मुद्दाम दिलेला असतो, पण तो पोचायला नाक जागं हवं. घरात एकटे राहणारे आई-वडील असतील, तर गॅसगळती ओळखणारा अलार्म बसवाच. वास न येणं ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. सायनसमुळे गेलेला वास उपचारांनी अनेकदा परत येतो.

नाक साफ करण्याची हठयोगप्रदीपिकेतली नेती सुताची आहे, पाण्याची नव्हे! पण मिठाच्या पाण्याने नाक धुणं आज नाक-कान-घशाचे डॉक्टरही सांगतात. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं कच्चं पाणी नको, त्यातून क्वचित जीवघेणा अमीबा नाकात जाऊ शकतो.

नाक उघडणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर उलटतात, नाक आणखी चोंदतं. सर्दीच्या काही गोळ्या रक्तदाब वाढवतात, काहींनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. मधुमेह असेल आणि चेहऱ्यावर सूज, डोळ्याभोवती दुखणं किंवा नाकातून काळपट स्राव दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. 2021 मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं, ते आपण पाहिलंय. आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया सत्तरीतही होते, नुसतं वय आड येत नाही. फक्त रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा.