ही जुनी चित्रं येतात कुठून?

गायक कुमार गंधर्वांवरचा ‘हंस अकेला’ हा माहितीपट या आठवड्यात सदरात घेणार होतो. तो राहू द्या. आठवडी बाजारात एका निवृत्त सरांनी गाठलं. हातात मेथीच्या दोन जुड्या, आणि थेट प्रश्न : “गुलजारांनी भीमसेन जोशींवर फिल्म केली तेव्हा ते समोर होते. पण शंभर वर्षांपूर्वीचा माणूस पडद्यावर हलताना दिसतो, तो कुठून आणतात हो?”

माझी दुखरी नसच दाबली त्यांनी.

दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. 1917 साली त्यांनी सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म काढली. तिच्यात खुद्द फाळके दिसतात, नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना. फाळक्यांवर आज कुणी काहीही करो, हा तुकडा त्यात येतोच. म्हणजे आपल्या चरित्रपटाची सोय या गृहस्थाने स्वतःच करून ठेवली होती! बाकीच्यांना हे सुचलं नाही. मूकपटांचा आपल्याकडचा आकडा हजारावर जातो आणि शिल्लक आहेत बोटांवर मोजण्याइतके. रिळांतली चांदी काढायला ती भंगारात विकली जायची. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 चा, त्याचीही एकही प्रत आज सापडत नाही.

जे वाचलं त्यातलं बरंचसं पी. के. नायर यांच्यामुळे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 चं. त्याची घडी या माणसाने बसवली. त्यांच्यावरचा शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (2012) मिळेल तिथे बघा. ना गायक, ना नट, ना पुढारी. रिळांचे डबे सांभाळणारा माणूस. पण कर्नाटकातल्या हेग्गोडू गावचे शेतकरी जगभरचे सिनेमे बघून त्यांवर बोलतात, तो भाग मी तीनदा मागे घेऊन पाहिला. त्या सिनेमांची रिळं तिथवर पोचली ती याच संग्रहालयातून. फिल्मची लांबी अडीच तासांच्या आसपास आहे, जेवून बसा.

आणि चित्रच नसेल तर? कमल स्वरूप यांचा ‘रंगभूमी’ बघा. फाळके आपल्या फिल्म कंपनीशी बिनसल्यावर काशीला गेले, तिथे त्यांनी त्याच नावाचं नाटक लिहिलं. त्या दिवसांचा शोध स्वरूप आजच्या बनारसच्या गल्ल्यांत घेतात. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मात्र अर्ध्यावर जांभई आली. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा कुठे पचली.

खरं तर जुनी चित्रं उरली नाहीत अशी तक्रार आपण चिखली गावच्या माणसांनी करू नये. टॉकीजमध्ये सिनेमाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं माहितीपटाचं रीळ दाखवणं सक्तीचं होतं, तेव्हा आम्ही पोरं फुटाणे आणायला बाहेर पळायचो. किती थोर माणसं त्या दहा-पंधरा मिनिटांत येऊन गेली असतील!

सरांना हे सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या माळ्यावर गावच्या सप्त्याची कॅसेट आहे, व्हीएचएस. जुने कीर्तनकार आहेत तिच्यात. आता नाहीत ते.” बुरशी धरली असेल का, विचारलं. ते त्यांना ठाऊक नव्हतं; बघायला व्हीसीआरच नाही. माझ्याकडचा चालतो, पण मध्येच फीत चावतो, त्यामुळे आधी त्याचं हेड साफ करून घ्यावं लागेल. येत्या रविवारी सरांकडे जाणार आहे. कुमारजी आणखी एक आठवडा पुढे गेले तर समजून घ्या.