आधी मुक्काम मोजा, मग मैल

शेगावची पालखी दरवर्षी मेडशी, रिसोड करत वाशिम जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. महिनाभर रोज चालणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो. हिमालयातली लांब पायवाट तुडवायला लागणारा चिवटपणा आपल्या मातीत आहेच. नाही ती उंचीची सवय. वाशिम समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर, तर नुसतं लेह शहरच 3,500 मीटरवर. पाय इथे घडवता येतात. विरळ हवेची सवय मात्र डोंगरावरच होते आणि तिला दिवस द्यावे लागतात.

वाट आणि वेळ

पहिल्या मोठ्या पदभ्रमणासाठी लडाखमधलं मार्खा खोरं उत्तम. चिलिंगहून निघून स्किऊ, मार्खा, हांकर, निमालिंग करत सुमारे 5,200 मीटर उंचीची कोंगमारू खिंड ओलांडायची आणि शांग सुमदोला उतरायचं. गावागावांत घरगुती मुक्कामाची सोय असते. हा भाग पर्जन्यछायेत असल्याने पावसाळ्यातही चालता येतो. शेतकरी कुटुंबाला तर वेळ नेमकी जुळते: निंदण-डवरणी आटोपल्यावर आणि सोयाबीनच्या सोंगणीआधी, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

मुक्कामांचं गणित

3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त उंचावू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. विमानाने लेहला उतरलात तर तिथे तीन रात्री काढा; पहिले दोन दिवस आरामच करा. पुढे हांकर सुमारे 4,000 मीटरवर आणि निमालिंग 4,700 च्या वर. ही उंची एका दमात गाठली की डोकं ठणकू लागतं. म्हणून मधल्या थाचुंगत्सेला एक रात्र राहावं. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्याजागी धाप लागणं ही धोक्याची घंटा. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला सोबतीने तातडीने खाली आणावं.

निघण्यापूर्वी

रक्तदाब, हृदय, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून ती तपासणी टाळू नका. सिकलसेलच्या रुग्णाने इतक्या उंचीवर जाऊ नये. वाहकानेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत आखू नये, कारण विरळ हवेत प्लीहेला इजा होऊ शकते. उंचीवरच्या त्रासाची औषधंही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

सरावासाठी वाशिमच्याच मालेगाव तालुक्यातल्या टेकड्या पुरेशा आहेत. आधी रिकाम्या हाताने, मग पाठीवर पाच किलो आणि शेवटी पूर्ण वजन घेऊन चढा. उतरण्याचाही तेवढाच सराव करा. लांब उतारावर गुडघे दगा देतात.

पाठीवरचं ओझं

मुक्काम घरांत असेल तर आठ-नऊ किलोंत भागतं. दर 1,000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा उबदार जाकीट, कानटोपी आणि पावसाचा कोट हवेतच. गडद गॉगल विसरू नका. 4,000 मीटरवर पाणी सुमारे 87 अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. वाटेच्या शिदोरीत शेंगदाणे-गूळ, तिळाचे लाडू, लाह्या असे न शिजवता खाता येणारे पदार्थ घ्या. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत. पोस्टपेड कार्ड न्या आणि वेळापत्रकाची एक प्रत घरी ठेवा.

त्या वेळापत्रकात मागे फिरण्याचा निर्णय कोण घेणार, हेही लिहून ठेवा आणि ते सर्वांनी निघण्यापूर्वीच मान्य करावं. वर गेल्यावर खिंड समोर दिसत असते, पैसा खर्च झालेला असतो आणि थकलेलं मन वाद घालतं. या दिवाळीपासून पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत नऊ-दहा महिने हाती आहेत. तपासणी, सराव आणि रजेचा अर्ज यांसाठी तेवढा वेळ पुरेसा आहे.