अग्नीच्या शक्तीची हद्द

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात म्युनिकच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक कार्ल लिंडे उष्णतेच्या यंत्रांवर व्याख्याने देत असत, आणि ती ऐकणाऱ्यांत रुडॉल्फ डीझेल नावाचा एक विद्यार्थी होता. पुढे गुरूने अमोनियावर चालणारे शीतयंत्र कारखानदारीत रूढ केले व शिष्याने आपल्या नावाचे इंजिन घडविले, आणि एकाचे यंत्र गारवा देणारे व दुसऱ्याचे गती देणारे असले, तरी दोहोंची मूळ सनद एकच होती.

ती सनद सादी कार्नो या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या १८२४ मधील एका छोटेखानी ग्रंथात आहे. पाणचक्की फिरावयास नुसते पाणी पुरत नाही, ते उंचावरून खाली पडावे लागते. तद्वत उष्णतेपासून कार्य मिळवावयाचे तर एक उष्ण व एक शीत अशी दोन स्थाने हवीत, आणि त्या कार्याची कमाल हद्द केवळ त्यांच्या तापमानांवरून ठरते, असे त्याने प्रतिपादिले. उष्णता हा अक्षय द्रव होय, या त्याने गृहीत धरलेल्या समजुतीची दुरुस्ती क्लाउझियसने १८५० मध्ये केली, तरी सिद्धांत अढळ राहिला. उष्ण स्थान १८० अंश सेल्सिअस व शीत स्थान ४० अंश असेल, तर निरपेक्ष शून्यापासून मोजता ही तापमाने सुमारे ४५३ व ३१३ भरतात, आणि सर्वथा निर्दोष यंत्रालाही घेतलेल्या उष्णतेपैकी शेकडा ३१ भागच कार्यात आणता येतात. उरलेल्या ६९ भागांचा शीत स्थानी भरणा करणे हा निसर्गाचा दस्तूर आहे.

हवा इतकी दाबावी की ती तापून तीत शिरलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे, ही डीझेलची तजवीज वरचे तापमान चढविण्यासाठीच होती. १८९७ च्या चाचणीत त्याच्या इंजिनाने शेकडा सुमारे २६ भाग कार्यात आणले, जे त्या काळच्या बहुतेक वाफेच्या यंत्रांना निम्म्यानेही साधत नसे.

शीतयंत्रात हाच व्यवहार उलटा चालतो. कमी दाबाखाली उकळणारा अमोनिया भोवतालची उष्णता शोषतो, कॉम्प्रेसरने दाबल्यावर बाहेरच्या हवेहून अधिक तापतो, ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रवरूप होतो, आणि झडपेतून दाब उतरताच थंड होऊन पूर्ववत कामावर रुजू होतो. आत ५ अंश व बाहेर ३५ अंश असता आदर्श यंत्र कार्याचा एक भाग खर्चून आतून उष्णतेचे सुमारे नऊ भाग उपसते. बाहेर पारा ४५ वर चढला, की हाच नफा सातांवर येतो.

म्हणून यंत्राची परीक्षा करताना किती उष्णता वाया गेली एवढेच पाहून भागत नाही. निसर्गाचे देणे वजा जाता जी तूट उरते, तिचाच जाब अभियंत्यास विचारणे न्यायाचे होय.