जुना व्हिसा संपला, नवा अजून आला नाही

पालकसभा संपल्यावर एक पालक मागे थांबले. मुलगा आयटीआय झालेला, घरी बसून. म्हणाले, "सर, पोराला व्हिजिटवर दुबईला पाठवतोय. एजंट म्हणतो, दोन महिन्यांत काम लागतं. नाही लागलं तर बसने ओमानला जाऊन यायचं, की व्हिसा पुन्हा नवा. स्वस्तात होतं म्हणे. बरोबर ना?"

मी त्यांना बसवून घेतलं आणि शिपायाला दोन चहा सांगितले. कारण त्या बसमध्ये मी स्वतः बसलेलो आहे.

मी कोकणातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएड झाल्यावरची बरीच वर्षं विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर गेली. घरात दोन मुली मोठ्या होत आहेत. शारजात साडू राहतात. ते म्हणाले, इकडच्या एका भारतीय शाळेत उर्दू शिक्षकाची जागा निघतेय, उन्हाळी सुट्टीत येऊन भेटून जा. ३० दिवसांचा व्हिजिट व्हिसा काढला आणि २०२४च्या मे महिन्यात मी तिकडे गेलो. मुलाखत महिनाअखेरची होती, ती पुढे ढकलली आणि ४ जून ठरली. माझा व्हिसा १ जूनला संपत होता. परतीचं तिकीट १२ जूनचं.

तिथे बसूनच मुदत वाढवून घेण्याचीही सोय होती, पण ती महाग. एकाने सल्ला दिला, "राहा तसेच, दंड भरून टाका." मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड आहे. दहा-बारा दिवसांचा हिशेब केला तर बसपेक्षा दंडच स्वस्त दिसतो. पण मुदत संपलेल्या माणसाला नोकरी कोण देणार? शिवाय पासपोर्टच्या मागे लागलेली अशी नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी आडवी येऊ शकते. तेव्हा मी बस धरली.

ही वाट कशी आहे

अमिरातीत व्हिजिटवर आलेल्या माणसाने देशाबाहेर पडायचं, नव्या व्हिसावर पुन्हा आत यायचं, हे पूर्वापार चालत आलेलं आहे. आधीची पिढी त्यासाठी विमानाने इराणच्या किश बेटावर जायची आणि व्हिसाची वाट बघत तिथे दिवसच्या दिवस काढायची. फेब्रुवारी २००४ मध्ये किशहून येणारं एक विमान शारजाला उतरताना कोसळलं आणि ४३ माणसं गेली. कोकणातल्या जुन्या आखातवाल्यांना तो दिवस अजून आठवतो. आता स्वस्तातली वाट म्हणजे ओमानची बस. एक रस्ता अल ऐनवरून बुरैमीला जातो. ही दोन गावं इतकी लागून आहेत की दोन देशांची आहेत हे सांगावं लागतं. दुसरा रस्ता दुबईहून हत्ताला, हजर डोंगराच्या कुशीतून. हत्ताच्या पुढे सरहद्द, पलीकडे ओमानचं अल वजाजा ठाणं, आणि मग किनाऱ्याने शिनास, सोहार. आमची बस या रस्त्याने गेली.

मी ८५० दिरहम भरले. त्यात बसभाडं, ओमानचा मोजक्या दिवसांचा व्हिसा, एका रात्रीची राहण्याची सोय आणि अमिरातीचा नवा ३० दिवसांचा व्हिसा. विमानाने हेच काम १२००च्या वर जात होतं.

गुरुवारी दुपारी देऱ्याहून बस निघाली. चाळीसेक माणसं. केरळची, उत्तर प्रदेशची, हैदराबादची, दोन-तीन कुटुंबं लहान मुलांसकट. मागच्या सीटवर खेडकडचा एक मुलगा भेटला, वय बावीस-तेवीस. मी मराठीत बोललो तसा त्याचा चेहरा उजळला. त्याची ही तिसरी फेरी होती.

हत्ताला सगळे खाली उतरलो. रांग लावली, पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला. त्या क्षणी माझा जुना व्हिसा संपला. आणि नवा? तो अजून आलेला नव्हता. तो एजंटकडून फोनवर यायचा होता.

ही गोष्ट कुठल्याच एजंटने मला समजावून सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. नवा हातात यायच्या आधी जुना सोडून द्यावा लागतो. मधले जे तास असतात, त्यांत तुम्ही पाहुणे ओमानचे असता, तेही मोजक्या दिवसांचे.

सोहारची ती रात्र

सोहारला पोहोचायला रात्रीचे अकरा झाले. एका खोलीत चौघे. खिशात दिरहम होते, पण खाली टपरीवर भाव रियालमध्ये. एक रियाल म्हणजे साडेनऊ दिरहमच्या आसपास, म्हणजे चहा घेताना माणूस दोनदा विचार करतो. अमिरातीचं सिमकार्ड तिकडे चालेना. हॉटेलच्या वायफायपाशी सगळे घोळका करून बसलेले, प्रत्येकाची नजर फोनवर.

शुक्रवारी सकाळपासून एकेकाचा व्हिसा येऊ लागला. ज्याचा आला तो लगेच सामान भरायला पळायचा. माझा जुम्म्याच्या नमाजनंतर आला. संध्याकाळी बसवाल्याने हाक दिली तेव्हा तिघांचा आलेला नव्हता. त्यांत खेडचा मुलगा होता. अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे आता जे काही व्हायचं ते सोमवारी. त्याचा एजंट फोन उचलत नव्हता.

तेव्हा तो बोलता झाला. आधीच्या व्हिजिटवर त्याने एका ठेकेदाराकडे दोन महिने वायरिंगचं काम केलं होतं. "व्हिसा नंतर लावतो" असं ठेकेदार सांगत राहिला. पगारही दिला नाही. तक्रार करायला जावं तर स्वतःच बेकायदा काम केल्याचं कबूल करावं लागणार, म्हणून हा गप्प राहिला. खिशात ६० दिरहम उरले होते.

"परत घरी का गेला नाहीस?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ सर? अम्मीनं बांगड्या ठेवून पैसे उभे केले. अम्मीला सांगू नका हां तुम्ही."

माझ्याजवळ होते त्यातले ३०० दिरहम मी त्याला दिले. शारजात साडूंना पत्ता कळवला. आणि बसमध्ये जाऊन बसलो. पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलांना रोज शिकवणारा माणूस मी, आणि त्या मुलाला परमुलखात सोडून निघालो होतो. तो हात हलवत उभा होता. बस वळेपर्यंत मी मागे बघू शकलो नाही.

आईचं उत्तर

त्याने नको म्हटलं होतं, पण मी ते ऐकलं नाही. शारजाला पोहोचल्यावर त्याच्या गावातल्या ओळखीच्यांकडून नंबर मिळवला आणि त्याच्या अम्मीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "भाईजान, त्याला म्हणावं घरी ये. बांगड्या कोण मागतंय त्याच्याकडं?"

सोमवारी कळलं की त्याचा अर्ज नामंजूर झाला. कारण कोणी सांगितलं नाही. मस्कतमध्ये काम करणाऱ्या एका कोकणी गृहस्थाने त्याला दोन रात्री आपल्याकडे ठेवलं. घरच्यांनी मस्कत-मुंबई तिकिटाचे पैसे पाठवले आणि तो परतला. आज तो चिपळूणमध्ये वायरिंगची कामं घेतो.

आणि माझं काय झालं? ४ जूनला मुलाखत झाली. शाळेला मी पसंत होतो. पण माझी बीएडची आणि पदवीची प्रमाणपत्रं साक्षांकित नव्हती. महाराष्ट्र शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास, अशी तीन ठिकाणची मोहर लागते. ते काम इथूनच करून जायचं असतं. त्याला वेळ लागणार होता आणि त्यांना शिक्षक लगेच हवा होता. १५ जूनला आमच्या शाळेची घंटा झाली तेव्हा मी वर्गात होतो. ८५० दिरहम देऊन मी दहा-बारा दिवस विकत घेतले, आणि ते कामी आले नाहीत. दोष माझाच, तयारी न करता गेलो.

कागदावर मांडलेला हिशेब

त्या पालकांना मी वहीचं पान फाडून हिशेब मांडून दिला. बस स्वस्त आहे हे खरं, पण खर्च फक्त बसचा नसतो. बसचे ८५०, महिन्याच्या बेडस्पेसचे ६००, साध्या खाण्याचे ४५०. झाले १९०० दिरहम. दिरहमला २३ रुपये धरले तर ४३ हजार ७०० रुपये. म्हणजे 'आणखी एक फेरी' याचा अर्थ घरातून आणखी चव्वेचाळीस हजार. हे निघण्याआधी ठाऊक हवं.

मग त्याच पानावर आणखी काही गोष्टी लिहिल्या:

व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. २०२४ पासून असं काम करून घेणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. तेव्हा जो म्हणतो "आधी काम कर, व्हिसा नंतर", त्याच्यापासून दूर राहावं. नोकरी खरी असेल तर मालक आधी सरकारी नमुन्यातलं ऑफर लेटर देतो आणि वर्क परमिटचा खर्चही तोच करतो. तो कामगाराकडून घेणं तिथल्या कायद्याला मंजूर नाही.

पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल, आडनावाची जागा कोरी असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं. २०२२च्या नोव्हेंबरपासून अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाला आडकाठी घातली आहे. आपल्याकडे असे पासपोर्ट पुष्कळ आहेत.

दहावी न झालेल्याचा पासपोर्ट ईसीआर असतो. त्याने नोकरीसाठी जायचं तर सरकारची परवानगी घेऊन, नोंदणी असलेल्या एजंटमार्फतच जावं. व्हिजिटच्या आडवाटेने नको.

फेरी करावीच लागली तर आठवड्याच्या सुरुवातीला करावी, गुरुवारी नाही. आणि मस्कतहून मुंबईच्या तिकिटाचे पैसे वेगळे बाजूला असल्याशिवाय सरहद्द ओलांडू नये. अडचण आलीच तर अमिरातीत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. ओमानमध्ये असताना मस्कतचा आपला दूतावास. लाजू नये, फोन करावा.

शेवटची गोष्ट मी लिहिली नाही, तोंडी सांगितली. "निघण्याच्या आदल्या रात्री मुलाला समोर बसवा आणि सांगा, अमुक तारखेपर्यंत काम लागलं तर अल्हम्दुलिल्लाह, नाही लागलं तर सरळ घरी ये. कोणी काही विचारणार नाही. हे त्याच्या आईच्या तोंडून त्याने ऐकलेलं असू द्या."

पालक कागद घडी करून खिशात घालून गेले. मागच्या आठवड्यात बाजारात भेटले. मुलगा अजून इथेच आहे. त्याच्या पासपोर्टवर आडनाव नव्हतं, ते घालायला दिलंय म्हणाले. व्हिजिटचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, "बघू सर. आधी आयटीआयचे कागद साक्षांकित करून घेतो. तारीख मात्र ठरवलीय. जाण्याची नाही, परत येण्याची."