पगार वाढला, आता पुढे?

गेल्या महिन्यात भाच्याला पुण्यात नवी नोकरी लागली. पगार जवळजवळ दुप्पट. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "मामू, जुन्या नोकरीचा पीएफ काढतो आणि गाडी घेतो."

मित्रहो, १९९५ साली मीही हेच केलं होतं. फंड मोडून मोटरसायकल घेतली. पुढच्याच वर्षी अब्बांचं ऑपरेशन निघालं आणि अम्मीच्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या.

भाच्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, पीएफ काढू नकोस, नव्या नोकरीत वळवून घे. २०१४ पासून यूएएन क्रमांक आला. नोकरी बदलली तरी तोच चालतो. वळवलास तर दोन्हीकडची वर्षं एकत्र धरतात. सलग ५ वर्षं भरण्याआधी काढलास, तर कर लागू शकतो.

दुसरी, क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भर. 'किमान रक्कम' भरून भागत नाही. महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण फेडलं नाही तर उधारी दोन वर्षांत दुप्पट होते.

तिसरी, पगार जेवढा वाढला त्यातला निम्मा पगाराच्या दिवशीच बाजूला टाक. महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हटलं, तर काही उरत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत त्याला हात लावू नकोस.

"आणि गाडी?"

"घे की, पण त्यानंतर."

एवढ्यात अम्मी पेढा घ्यायला पुढे आली. तिच्या हातात आजही काचेच्याच बांगड्या आहेत.