शिंपल्यांच्या खिडक्या

गोव्यात केप्याला गेलात तर कुशावती नदीकाठचा ‘पालासियो दो देआंव’ बघाच. चर्चचे पोर्तुगीज डीन जुझे पावलू यांनी १७८७ मध्ये बांधलेला हा वाडा. केपे शहर वसवलं तेही त्यांनीच.

फर्निचर सगळेच बघतात. मी रेंगाळलो तो खिडक्यांपाशी. तावदानांत काच नाही, शिंपले!

त्या काळी काच बाहेरून यायची, महाग पडायची. हा शिंपला मात्र पातळ, जवळजवळ सपाट आणि अर्धपारदर्शक. त्याचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. ऊन आत येतं, पण दुधाळ होऊन. बाहेरचं काही दिसत नाही, हा तोटा (की आडोशाची सोय?).

घर खाजगी आहे, आधी फोन करून जा.