धनभारित बहुवारिके आणि न्यूक्लिइक अम्लांचा पेशीप्रवेश

हव्या त्या क्रमाची न्यूक्लिइक अम्ले प्रयोगशाळेत संश्लेषित करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते ती पेशीच्या आत पोचविणे. न्यूक्लिइक अम्लाच्या कण्यावरील प्रत्येक फॉस्फेटगटावर ऋणभार असतो. 21 जोड्यांच्या आखूड आरएनए-रेणूवरदेखील असे सुमारे 40 भार असतात. पेशीपटलाचा अंतर्भाग स्निग्ध, आणि त्यावरील शर्करायुक्त आवरण पुन्हा ऋणभारितच. यास्तव उघडा रेणू आत शिरत नाही. शिवाय रक्तद्रवातील एंझाइमे त्याचे तुकडे करतात.

पॉलिलायसीन किंवा पॉलिएथिलिनइमीन यांसारखे धनभारित बहुवारिक अशा अम्लाच्या विद्रावात मिसळले असता दोहोंचे सूक्ष्म कण बनतात. विरुद्ध भारांचे आकर्षण हे त्याचे एकमेव कारण नव्हे. दोन्ही साखळ्यांभोवती जखडलेले लहान आयन या वेळी मोकळे होतात, आणि त्यामुळे होणारी एंट्रॉपीची वाढ हेच या संयोगाचे मोठे बळ होय. बहुवारिकाचे प्रमाण अधिक ठेवल्यास कणाचा पृष्ठभाग धनभारित राहतो, तो पेशीपृष्ठावरील हेपरान सल्फेटास चिकटतो आणि पेशी त्याला पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत घेते.

आत घेतला म्हणजे पोचला असे मात्र नव्हे. ही पिशवी, म्हणजे एंडोसोम, हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी तिच्यातील माल पाचक एंझाइमांच्या स्वाधीन होतो. तेथून सुटका कशी व्हावी? स्ट्रासबूर्ग येथील बेअर व त्यांचे सहकारी यांनी 1995 साली पॉलिएथिलिनइमीनचा वाहक म्हणून उपयोग प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी एक उपपत्तीही सुचविली. या साखळीतील दर तिसरा अणू नायट्रोजनाचा असून उदासीन विद्रावात त्यांपैकी थोड्यांवरच प्रोटॉन असतात. उरलेले नायट्रोजन पिशवीत येणारे प्रोटॉन स्पंजाप्रमाणे शोषून घेतात. पिशवी आणखी प्रोटॉन ओढते, त्यांच्यामागोमाग क्लोराइड व पाणी शिरते, आणि अखेर पटल फुटते. पॉलिलायसीनचे अमाइनगट उदासीन विद्रावातच जवळजवळ पूर्णपणे भारित असतात, त्यामुळे त्याच्या ठिकाणी हा गुण नाही. क्लोरोक्विनची जोड दिल्याने त्याची कार्यक्षमता वाढते, हे या उपपत्तीस पोषकच आहे.

उपपत्ती देखणी खरी. परंतु 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत पॉलिएथिलिनइमीनमुळे लायसोसोमचा पीएच बदलल्याचे आढळले नाही. बहुवारिक पटलास प्रत्यक्ष भिडून त्याला छिद्रे पाडत असावे, हा पर्याय आम्हांस अधिक संभवनीय वाटतो. कारण विषारीपणाचाही उलगडा त्यातून होतो. 25,000 रेणुभाराचे पॉलिएथिलिनइमीन प्रवेशास जितके उपयुक्त, तितकेच पेशीच्या स्वतःच्या पटलांना घातक असते.

आखूड आरएनएच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. लांब डीएनए वळून गोळा होते. हा ताठ, तोकडा रेणू तसा वळत नाही आणि संयोग सैल राहतो. तो घट्ट करावा, तर पेशीद्रवात सुटका होत नाही. म्हणून काही बहुवारिकांत डायसल्फाइड बंध घालतात, जे पेशीद्रवातील ग्लुटाथायोनमुळे तुटतात. 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पाटिसिरान या या प्रकारच्या पहिल्या औषधात तर धनभारित बहुवारिक नाहीच. त्यातील स्निग्ध द्रव्य रक्तात जवळजवळ उदासीन असते आणि एंडोसोमच्या आम्लतेतच धनभार धारण करते.